एप्रिलमधला पांगरचुला: बर्फाच्या उताराचा धोका ओळखायचा कसा?

वर्तकनगर_वाटसरू

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सात जण उत्तराखंडमधल्या पांगरचुला शिखराला निघतोय. ठाणे, कळवा, ऐरोली अशी विखुरलेली टोळी आहे. ट्रेकिंग कंपनीच्या बॅचबरोबर नाही, जोशीमठकडचा गाईड आणि दोन पोर्टर परस्पर ठरवलेत. तिघांचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झालाय, बाकीचे सह्याद्रीत पक्के पण बर्फावर नवखे.

बूट, क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे धातूचे दात), आइस ॲक्स यांचं जमलंय. घोडं अडलंय ते ॲव्हलांचपाशी, म्हणजे उतारावरून सुटून कोसळणाऱ्या बर्फापाशी. गटात दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, गाईडला सगळं कळतं, तो म्हणेल तसं करायचं. दुसऱ्यांचं म्हणणं, वर गेल्यावर बर्फात खड्डा खणू, थर तपासू आणि मग ठरवू. मला दोन्ही अर्धवट वाटतं.

म्हणून विचारतो. उतार किती अंशांचा आहे हे नकाशावर आणि जागेवर कसं मोजायचं? ॲव्हलांचच्या धोक्याच्या सरकारी बुलेटिनवर किती विसंबायचं? एप्रिलचा बर्फ जानेवारीपेक्षा सुरक्षित असतो हे खरं का? आणि ट्रान्सीव्हर (बर्फाखाली पुरलेल्याला सिग्नलवरून शोधायचं यंत्र), प्रोब (बर्फात टोचून बघायची लांब काठी), फावडं हा संच सातही जणांनी घ्यावा का? घेतला तर ठाणे-नवी मुंबईत बर्फाशिवाय सराव कसा करायचा?

हिमरेषा

उताराचं आधी घेतो. बर्फ तासातासाला बदलतो, उतार बदलत नाही, आणि तो सातही जणांना सारखाच मोजता येतो.

जीव घेणारा प्रकार बहुतेक वेळा स्लॅब ॲव्हलांच असतो. घराच्या स्लॅबसारखाच तो एकसंध तुकडा, फक्त खालचा थर कच्चा असतो आणि त्यावरून तो अख्खा सुटतो. असे स्लॅब प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, त्यातही ३८च्या आसपास सर्वांत जास्त. २५च्या खाली क्वचित. ५५च्या वर बर्फ फारसा साचतच नाही, पडता पडताच झडत राहतो. पंचाईत अशी की ३० ते ४० अंश हाच पट्टा चढायला मोकळा, सरळ आणि सोयीचा दिसतो.

डोळ्याला सवय लावायला हिमालयात जायची गरज नाही. आपल्या इमारतीच्या जिन्याला टेप लावा. पायरी १५ सेंमी उंच आणि ३० सेंमी रुंद असेल तर जिना सुमारे २७ अंशांचा. जुन्या चाळीतला उभा जिना, पायरी १८ सेंमी उंच आणि २५ सेंमी रुंद, जवळपास ३६ अंशांवर जातो. चाळीच्या जिन्याइतका उभा उतार बर्फात समोर आला, तर तुम्ही धोक्याच्या पट्ट्याच्या ऐन मध्यात आहात. येऊर किंवा पारसिकच्या उतारांवर खेळ लावा: आधी प्रत्येकाने अंदाज बोलायचा, मग काठी उताराच्या दिशेने झोपवून तिच्यावर फोन ठेवायचा आणि कोन वाचायचा. फोन थेट गवतावर ठेवला तर दगडाचा नाहीतर खळग्याचा कोन मिळतो. उतार समोरून पाहिला की फसवतो, कडेने पाहिला की खरा दिसतो.

नकाशावर: १:५०,००० च्या शीटवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर ४० मीटर उंचीला असतील तर सलग पाच अंतरं, म्हणजे २०० मीटर चढ, मोजपट्टीने मोजा. ती ७ मिमीत बसली तर उतार ३० अंश, ४ मिमीत बसली तर ४५. रेषा २० मीटरच्या असतील तर दहा अंतरं धरा. ॲपमधला रंगीत उतार-नकाशाही वापरा, पण त्यामागची मोफत उंचीची माहिती साधारण ३० मीटरच्या चौकोनांची असते. पंधरा-वीस मीटरचा अचानक उभा झालेला टप्पा त्यात सपाट होऊन जातो, आणि स्लॅब तिथूनच तुटतो. तेव्हा ॲपने लाल दाखवलं तर माना, हिरवं दाखवलं तर जागेवर मोजा.

जागेवर फोन गारठून बंद पडला तर दोन काठ्या पुरतात. दोन्ही सारख्या लांबीच्या करा, १२० सेंमी धरू. एक काठी उताराच्या दिशेने बर्फावर दाबून तिचा ठसा उमटवा, टोक वर आणि मूठ खाली. आता टोक वरच्या खुणेवरच ठेवून मूठ उचला. तिथून दुसरी काठी ओळंब्यासारखी सरळ खाली सोडा आणि तिचं टोक बर्फाला टेकेपर्यंत मूठ खाली-वर करा. ते बरोबर ठशाच्या खालच्या खुणेवर टेकलं तर उतार ३० अंश. खुणेच्याही खाली टेकलं तर दर १० सेंमीला साधारण ३ अंश वाढवा. खुणेच्या वर टेकलं तर तितकेच कमी. हे घरी जिन्यावर टेकवलेल्या फळीवर चार वेळा करून बघा, वर हातमोज्यांत गोंधळ होत नाही.

यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पायाखालचा उतार २० अंशांचा असला म्हणून सुटलात असं नाही. वर ३५ अंशांचं पोट लटकलेलं असेल आणि मध्ये बर्फ जोडलेला असेल, तर खाली सपाटीवर चालणाऱ्या माणसाच्या वजनानेही वरचा स्लॅब सुटू शकतो. कच्चा थर पत्त्यांसारखा कोसळत वरपर्यंत जातो. म्हणून कॅम्प लावताना किंवा जेवायला बसताना फोनच्या कडेवरून वरच्या उताराच्या माथ्याकडे नेम धरून कोन बघा. १८ अंशांपेक्षा कमी आला तर वरचा बर्फ सहसा तिथवर पोचत नाही. २५पेक्षा जास्त आला तर तुम्ही ॲव्हलांचच्या अंगणात बसलाय. मधल्या आकड्यांत झाडं बघा. चढाकडच्या बाजूच्या फांद्या तुटलेल्या आणि उताराकडच्या शाबूत, किंवा दाट जंगलातून वरून खाली उतरलेला गवताचा सरळ पट्टा, म्हणजे तिथून बर्फ येऊन गेलाय. बुंधा नुसता वाकलेला असेल तर तो हळूहळू सरकणाऱ्या बर्फामुळेही वाकतो, तेवढ्यावरून निष्कर्ष नको.

आणि एक सह्याद्रीची सवय घरी ठेवून जा. आपल्याकडे नाळ, डोंगरातली उभी घळ, म्हणजे वाट. नाळ सापडली की जीव भांड्यात पडतो. बर्फात नाळ म्हणजे ॲव्हलांचची वाट. वरचा सगळा बर्फ तिच्यात उतरतो, आणि एरवी गुडघाभर पसरला असता तो तिथे दोन-तीन माणसं उंच साचतो. धारेने चढा. फक्त धारेवर वाऱ्याने बांधलेला बर्फाचा छज्जा, म्हणजे कॉर्निस, पुढे आलेला असतो. तो कडेशी तुटत नाही, वाटतं त्यापेक्षा बराच आतून, कधी कधी खालच्या खडकाच्याही आतून तुटतो. पावलांची रांग तिथून चांगली आत ठेवा.

खारघर_टेकडी

हिमरेषा यांच्याशी पूर्ण सहमत. मी 'एप्रिलचा बर्फ सुरक्षित का' एवढंच घेते.

तो वेगळ्या पद्धतीने वागतो, सुरक्षित नसतो. जानेवारीत मुख्य शत्रू कोरडा स्लॅब. थंडीत जमीन शून्याच्या आसपास असते आणि बर्फाचा पृष्ठभाग उणे १५-२०. बर्फाची जाडी कमी असेल तर हा फरक थोड्या सेंटिमीटरांत कोंबला जातो. दर १० सेंमीला १ अंशापेक्षा जास्त फरक पडला की बाष्प खालून वर सरकत राहतं आणि तळाचे कण मोठे, कोनदार, एकमेकांना न धरणारे होतात. हातात घेतले तर खडीसाखर कुस्करल्यासारखे वाटतात, मूठ उघडली की ओघळतात. त्यावर नवा बर्फ पडला की साबुदाण्यावर पाट ठेवल्यासारखं होतं. पीर पंजालकडे बर्फ जाड आणि तुलनेने उबदार, तिथे वादळानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत वाईट. जसजसं आत, लडाख-काराकोरमकडे जाल तसा बर्फ पातळ आणि थंड, तिथे हा साखरेचा थर आठवडेच्या आठवडे टिकतो. 'दोन दिवस ऊन पडलं, आता बसला असेल' हा हिशेब तिथे चालत नाही.

एप्रिलमध्ये शत्रू पाणी. दिवसा वितळलेलं पाणी झिरपत खाली जातं, जुन्या कडक थरावर किंवा खडकावर अडतं आणि तिथला सांधा सोडवतं. ही ओली ॲव्हलांच हळू येते पण ओल्या सिमेंटसारखी जड असते. तिचं वेळापत्रक घड्याळाला बांधलेलं असतं, हीच आपली सोय. रात्री आकाश निरभ्र असेल तर पृष्ठभाग गोठतो आणि पहाटे सगळं एकत्र जखडलेलं असतं. रात्रभर ढग राहिले तर हवा थंड असूनही नीट गोठत नाही. त्यामुळे फक्त थर्मामीटर बघू नका. रात्री तंबूबाहेर येऊन चांदणं दिसतं का ते बघा. पहाटे निघताना तपासणी अशी: पहिल्या बर्फावर पूर्ण वजन टाका. पापुद्रा बूट धरतो आणि क्रॅम्पॉनचे फक्त दात रुततात, तर चला. पापुद्रा फुटून बूट घोट्यापर्यंत ओल्या मऊ बर्फात जातोय, तर त्या दिवशी उभ्या उतारावर जायचं नाही. पहाटेचे तीन वाजलेले असले तरी नाही.

परतीची वेळ शिखर गाठलं की नाही यावर नाही, उन्हावर ठरवा. पूर्वेकडच्या उतारांना एप्रिलअखेर सहाच्या आसपासच ऊन लागतं, मग दक्षिण, मग पश्चिम. तुमचा उतरायचा उतार कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते नकाशावर आत्ताच लिहून काढा. पूर्वमुखी उतार सकाळी साडेआठ-नऊच्या आत पायाखालून गेला पाहिजे. उन्हात घरंगळत येणारे बर्फाचे छोटे लाडू, खडकाच्या कडेने ठिबकणारं पाणी, घोट्याच्या वर बूट रुतणं, यातलं एक जरी दिसलं तरी तुम्हाला उशीर झालाय.

एप्रिलमध्ये वादळ आलंच तर जानेवारीचे नियमसुद्धा लागू होतात, वर ऊन कडक. २४ तासांत ३० सेंमी नवा बर्फ ही सरळ थांबण्याची रेषा धरा. त्याहून कमी पडला पण वारा असेल तरीही थांबा, कारण आकाशातून बर्फ पडतो त्याच्या कित्येक पट वेगाने वारा एका बाजूचा बर्फ उचलून आडोशाच्या बाजूला रचतो. पश्चिमी विक्षोभानंतर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या वादळानंतर, साधारणपणे पूर्व आणि ईशान्य बाजूंवर ही रास असते. तिचा पृष्ठभाग गुळगुळीत, उशीसारखा फुगीर दिसतो आणि काठीने ठोकला तर पोकळ वाजतो.

हिवाळा सोडून धोका नाही ही समजूतही काढून टाका. उत्तरकाशीजवळ द्रौपदी का डांडा-२ वरची दुर्घटना ४ ऑक्टोबर २०२२ची, तिथे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक मिळून २७ जण गेले आणि २ बेपत्ता राहिले. सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर ७ पर्यटक गेले ती तारीख ४ एप्रिल २०२३. ते तर ट्रेकलाही निघालेले नव्हते.

घोडबंदर_उत्तर

खड्डा खणू म्हणणाऱ्या तटासाठी. जरूर खणा, पण कशासाठी ते ठरवून. खड्डा 'नको' सांगू शकतो, 'जा' सांगू शकत नाही. एकाच उतारावर वीस पावलांवर थर बदलतो. खडकाभोवती बर्फ पातळ, तिथे साखर जास्त. मध्ये जाड, तिथे तोच थर खोल. तुम्ही खणलेली जागा चांगली निघाली याचा अर्थ तेवढी जागा चांगली निघाली.

जागा निवडताना जायच्या उताराचीच दिशा आणि उंची, पण छोटा, खाली मोकळी सपाटी असलेला, वर काही न लटकलेला उतार घ्या. एक मीटर ते सव्वा मीटर खोल, भिंत सरळ आणि सावलीतली. आधी हाताने कडकपणा बघा: वरून खाली थराथरात मूठ जाते का, मग चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, मग सुरी. कडक थराच्या लगेच खाली अचानक मूठ आत गेली तर तिथे खूण करा. वरच्या एक मीटरच्या आत, दहा सेंमीहून पातळ, मिलिमीटरपेक्षा मोठ्या कोनदार कणांचा मऊ थर, आणि त्यावर कडक पाटी. एवढं जुळलं तर पुढच्या चाचणीची वाट न बघता तो उतार सोडला तरी चालेल.

चाचणी करायचीच तर लांब स्तंभाची करा. उताराला आडवा ९० सेंमी, आत ३० सेंमी असा ठोकळा करवतीने किंवा गाठी मारलेल्या दोरीने चारही बाजूंनी मोकळा करायचा. एका टोकावर फावडं पालथं ठेवून १० टिचक्या मनगटातून, १० कोपरातून, १० खांद्यातून. भेग नुसती फावड्याखाली पडते की त्याच किंवा पुढच्याच ठोक्याला ठोकळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत धावते, एवढंच बघायचं. धावली तर विषय संपला. किती ठोके लागले हा आकडा दुय्यम, कारण प्रत्येकाचा हात वेगळा. ठोकळा मागून पूर्ण कापला गेला नाही की भेग अडते आणि निकाल खोटा चांगला येतो. सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

आणि तुमच्या पांगरचुल्याला एप्रिलच्या ओल्या बर्फात या चाचणीचा उपयोग खरोखर कमी आहे. पहाटे गोठलेल्या बर्फावर ती छान निकाल देईल आणि दहा वाजता तोच बर्फ वेगळा असेल. तिथे खारघर_टेकडी यांची बूट-तपासणी आणि घड्याळ जास्त कामाचं. खणण्यात पाऊण तास घालवून परतीची वेळ चुकवलीत तर तो खड्डा महागात पडेल.

खड्ड्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलणाऱ्या खुणा फुकट मिळतात. त्याच दिशेच्या उतारावर ताजी ॲव्हलांच. चालताना पायाखालून दबका 'व्हुंफ' आवाज येऊन बर्फ किंचित खचणं. बुटापासून किंवा काठीपासून पुढे पळत जाणारी भेग. यांपैकी एक दिसली की चर्चा नाही, आल्या पावली ३० अंशांच्या खालच्या जमिनीवर.

वर्तकनगर_वाटसरू

मनापासून आभार. जिना मोजला, आमचा ३१ अंश निघाला! दोन शंका. बुलेटिनचं राहिलंच. आणि गाईडशी हे बोलायचं कसं? तो अनुभवी माणूस आहे, त्याला परीक्षा घेतल्यासारखं वाटायला नको.

हिमरेषा

बुलेटिन डीआरडीओची चंडीगडची डीजीआरई संस्था काढते. पूर्वीची मनालीची 'सासे', १९६९ पासूनची, २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली. धोक्याची पातळी जिल्हा आणि उंचीनुसार दिलेली असते: अमुक जिल्ह्यात, अमुक मीटरच्या वर, मध्यम किंवा जास्त. तुम्हाला चमोली बघायचंय. बुलेटिन मुख्यतः वस्ती, रस्ते आणि सैन्याच्या ठाण्यांचा विचार करून असतं, तुमच्या वाटेवरच्या एका उताराचा नाही. जास्त म्हटलं तर निघूच नका. मध्यम म्हटलं तर ती परवानगी समजू नका. युरोपच्या पाच पातळ्यांच्या मापात सर्वांत जास्त माणसं तिसऱ्या पातळीला जातात, कारण चौथ्या-पाचव्याला लोक आपसूक घरी थांबतात आणि तिसरी 'मधली' वाटते. बुलेटिनइतकंच हवामान खात्याचं उत्तराखंडचं अनुमान आणि मागच्या दहा दिवसांतले विक्षोभ तारखांसकट एका कागदावर लिहा. ठाण्यात बसून होणारं हे सर्वांत उपयोगी काम आहे. जोशीमठला पोचेपर्यंत तुमच्याकडे या बर्फाचा इतिहास तयार असेल.

गाईडदादांना 'सेफ है क्या' विचारू नका. पाहुणा नाराज होऊ नये म्हणून उत्तर 'हाँ' येतं. माहिती विचारा, ती ते आनंदाने देतात. 'इस साल किस-किस नाले में आया?' 'पिछली बर्फ कब गिरी, हवा किधर से थी?' 'रात को ऊपर जम रहा है?' 'आप नौ बजे के बाद वहाँ से उतरते हो क्या?' तिकडे नाल्यात उतरून साचलेल्या ॲव्हलांचच्या बर्फाला साध्या बोलण्यात 'ग्लेशियर' म्हणतात. 'उस नाले में ग्लेशियर आया हुआ है' असं कोणी म्हटलं तर हिमनदी समजून फोटो काढायला जाऊ नका, तिथून ॲव्हलांच आलेली आहे. आणि परतीची वेळ पैसे देतानाच सांगून ठेवा: 'नौ बजे जहाँ होंगे, वहीं से वापस, पैसे पूरे मिलेंगे।' शिखर नाही झालं तर मोबदला कापला जाईल ही भीती गेली की गाईड स्वतःहून थांबा म्हणतो.

पामबीच_पायी

उपकरणांचं. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: सातही जणांकडे तिन्ही वस्तू, नाहीतर कोणाकडेच नाहीत असं धरा. गाईड आणि पोर्टर धरले तर दहा. तीन ट्रान्सीव्हर सात जणांत वाटले तर पुरलेल्याकडे नसायची शक्यताच जास्त. भाड्याने मिळालेल्या संचात तिन्ही अँटेनांचे डिजिटल ट्रान्सीव्हर, २४० सेंमी किंवा जास्त लांबीचा प्रोब आणि धातूच्या पात्याचं फावडं आहे ना हे बघा. प्लॅस्टिकचं पातं साचलेल्या बर्फावर मोडतं. ॲव्हलांच थांबली की तो बर्फ मिनिटाभरात घट्ट बसतो, हाताने उकरता येत नाही.

हे सगळं वेळेचं गणित आहे. पूर्ण पुरलेला माणूस पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर आला तर जगण्याची शक्यता चांगली, त्यानंतर ती झपाट्याने खाली येते, अर्ध्या तासाला तीनांतला एक उरतो. मुख्य कारण गुदमरणं. म्हणजे बाहेरची मदत हिशेबात धरायचीच नाही. ज्यांच्यावर आली नाही तेच वाचवणारे.

ट्रान्सीव्हर जगभर ४५७ किलोहर्ट्झवर चालतात. निघताना सगळे 'पाठव' वर, आणि कॅम्प सोडताना एक जण 'शोध' वर ठेवून प्रत्येकाला एकेक करत पुढून जाऊ देतो. ही तपासणी रोज, अपवाद नाही. यंत्र अंगाला, थरांच्या आत, सॅकमध्ये नाही. यंत्र 'पाठव' वर असताना मोबाइल त्यापासून २० सेंमी आणि 'शोध' वर असताना ५० सेंमी लांब. चुंबकाचे बटण असलेले हातमोजे, पॉवर बँक, घड्याळं, सगळी त्याच नियमात. बॅटरी अल्कलाइनच की दुसरी चालते ते त्या यंत्राच्या पुस्तिकेत बघा. चार्जिंगच्या सेलवर उरलेली टक्केवारी चुकीची दिसते.

घटना घडली तर क्रम असा. शेवटचं दिसलेलं ठिकाण नजरेत पक्कं करा. वरून आणखी येण्यासारखं आहे का बघा. बाकी सगळ्यांचे ट्रान्सीव्हर 'शोध' वर टाकायला ओरडून सांगा, एकाचा विसरला तर सगळे त्याच्याकडे धावतात. पृष्ठभागावर हात, काठी, सॅक काही दिसतं का बघत ४० मीटरच्या पट्ट्यांत खाली या. सिग्नल मिळाला की बाणामागे भराभर जा, अंतराचा आकडा कमी व्हायला हवा. ३ मीटरच्या आत आलात की गती कमी आणि यंत्र अगदी बर्फाला टेकवून. फुलीसारखं आधी सरळ रेषेत, मग आडवं, सर्वांत लहान आकड्याची जागा. या टप्प्यावर यंत्र फिरवायचं नाही, फिरवलं की आकडे उड्या मारतात. तिथून प्रोब उताराला काटकोनात, २५ सेंमी अंतराने गोल गोल बाहेर टोचत जा. लागला की प्रोब तिथेच सोडा, उपसू नका.

आता फावडं, आणि इथेच सर्वांत जास्त वेळ जातो. प्रोबच्या जागीच खाली खणायला लागलात तर माणसाच्या डोक्यावर उभे राहता आणि त्याचा श्वास कोंडता. प्रोबवर खोली वाचा, तिच्या दीडपट अंतरावर उताराच्या खालच्या बाजूला जाऊन आडवं आत खणत जा. एक मीटर खोलीला दीड मीटर खालून. पुढे एक, मागे दोन, त्यामागे आणखी, इंग्रजी व्ही सारखी रांग. पुढचा तोडतो, मागचे वल्हवल्यासारखं मागे ढकलतात, आणि दर मिनिटाला पुढचा बदलतो. चेहरा लागला की आधी तोंड-नाक मोकळं, श्वास नसेल तर पाच श्वास तिथेच, बाकी शरीर नंतर.

सराव. बर्फ लागत नाही, मोकळं मैदान लागतं. विजेच्या उच्चदाब तारा, गाड्यांची रांग आणि लोखंडी कुंपणापासून लांब. नवी मुंबईत टॉवर आणि तारा एवढ्या आहेत की आधी यंत्र 'शोध' वर लावून, काहीच न लपवता, खोटे आकडे येतात का बघून घ्या. ४० बाय ४० मीटर आखा. चालू यंत्र प्लॅस्टिकच्या डब्यात घालून पोत्याखाली लपवा, आजूबाजूला तशीच दहा-बारा रिकामी पोती टाका. स्टीलच्या डब्यात घातलंत तर सिग्नल अडतो आणि यंत्राला दोष देत बसाल. प्रोबचा हात बसावा म्हणून डब्याखाली-वर जुनी सॅक ठेवा. माती, दगड आणि सॅक यांच्यावर टोक आपटल्यावर मुठीत वेगवेगळं लागतं. सॅकवर ते किंचित उसळतं, तीच जाणीव ओळखायची. फावड्याच्या रांगेचा सराव वाळूत. उरणचा पीरवाडी किनारा जमेल, पण भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू, कारण खाऱ्या ओल्या वाळूत सिग्नल दबतो. खड्डा गुडघ्याइतकाच, आणि माणूस पुरून सराव अजिबात नाही, वाळूचा खड्डा ढासळून जीव जातो. ते खरोखर धोकादायक आहे.

चार रविवार केलंत आणि सातपैकी प्रत्येक जण एकट्याने चार मिनिटांत प्रोब लावू शकला तर संच न्या. नाही जमलं तर तो वजन म्हणून नेऊ नका. त्याऐवजी ३० अंशांच्या वर पाय न ठेवायचं ठरवा आणि कुआरी पास या खिंडीपर्यंतच जा.

एक कायद्याचं. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगता येत नाही. परदेशातून कोणी आणलेलं असेल तर सॅकमध्ये टाकू नका. ११२ लागतं तिथपर्यंत कोण, किती वेळात उतरेल ते पोर्टरबरोबर आधीच ठरवा.

खारघर_टेकडी

पामबीच_पायी यांच्या यादीत ओलांडण्याची शिस्त जोडते. ३० अंशांचा पट्टा टाळताच येत नसेल तर एका वेळी एकच माणूस, बाकीचे वरच्या धारेवर किंवा खडकाच्या आडोशाला, नजर त्याच्यावर. काठ्यांच्या मनगटपट्ट्या काढून, सॅकचा कमरपट्टा आणि छातीपट्टा सोडून. काठ्या आणि सॅक माणसाला खाली ओढतात. ओलांडायच्या आधी खाली बघा: खाली नाळ, कडा, मोठे दगड, भेगा किंवा गोठलेलं तळं असेल तर छोटी सुटलेली पाटीसुद्धा जीव घेते, तो पट्टा सोडाच. वाट जितकी वरून जाईल तितकं बरं, कारण स्लॅब तुमच्या वर तुटला तर सगळा अंगावर येतो.

वर्तकनगर_वाटसरू

ठरलं. रविवारी सकाळी सहाला मैदानावर पोती आणि डबे घेऊन जमतोय. संच दहाही जणांचा मिळाला नाही तर कुआरीपर्यंतच. गाईडदादांना काल फोन केला आणि तुम्ही लिहिले तेच प्रश्न विचारले. ते वीस मिनिटं बोलले. खुलारा कॅम्पच्या वरच्या दोन नाल्यांत यंदा 'ग्लेशियर' आलंय म्हणाले, आणि नऊची परतीची वेळ त्यांनीच साडेआठवर आणली.

हिमरेषा

ते दोन नाले नकाशावर लाल पेनने रंगवा आणि त्यांच्या वरचे उतार मोजून इथे टाका. तुमच्या वाटेच्या कोणत्या बाजूला येतात ते बघून कॅम्पची जागा ठरवू.